एका ऑइलसीलाचे निमित्त

आमच्या घरात १९७८ सालची एक येझदी मोटरसायकल आहे. वडिलांनी ती नवी घेतली, मी तिच्या टाकीवर बसून बालवाडीत गेलो आणि आता ती वारसाहक्काने, म्हणजे भावंडांपैकी दुसऱ्या कोणीही हक्क न सांगितल्यामुळे, माझ्याकडे आलेली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ती रोज संध्याकाळी चालू करताच एवढा पांढरा धूर सोडू लागली, की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे पुन्हा बादलीत टाकले आणि "आमच्या घरात सध्या कोणी बाळंतीण नाही, तेव्हा एवढ्या धुरीची गरज नाही," असे कुंपणावरून ऐकवले.

धुराचे कारण मला ठाऊक होते आणि सगळ्या अनर्थाचे मूळ हे ठाऊक असणेच होय. येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला चार-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जाताना त्याच्याखालची क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे बंद पोट, पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण ओढून घेते आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी वर ढकलते. थोडक्यात, क्रँककेस ही रंगपंचमीची पिचकारी आहे, आणि पिचकारी कुठेही फुटकी असून चालत नाही. म्हणून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने त्या पोटात जी फिरते तिच्या, दोन्ही टोकांना ऑइलसीले, म्हणजे तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, बसवलेल्या असतात. डायनॅमोकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरून इंजिन उगाचच रेस होते, आणि क्लचकडचे गेले तर क्लचमधले तेल आत ओढले जाऊन जळते व काकूंच्या कपड्यांवर जाऊन बसते. आमचे क्लचकडचे गेले होते. त्या सीलाची किंमत एका मिसळीएवढी होती आणि ते बदलायला इंजिन फोडावे लागत नाही. क्लच आणि प्रायमरी चेन उतरवली की काम होते. रविवारी सकाळी सुरुवात करून दुपारी जेवायला येतो, असे मी बायकोला सांगून ठेवले होते.

क्लच उतरेपर्यंत सर्व सुरळीत चालले होते. मग आमच्या मिस्त्रींनी क्रँकचे टोक चिमटीत धरून वर-खाली हलवले आणि ते हलले. जे फक्त फिरायला हवे ते हलले की मिस्त्री लोकांच्या चेहऱ्यावर एक प्रसन्न दुःख दिसते. "बेरिंग गेलंय. हितवर आलायसा, तर पोट उघडून बघूया की," असे ते म्हणाले, आणि त्या "बघूया की"मध्ये माझे पुढचे चार महिने गेले.

जुन्या इंजिनाची रीत एकत्र कुटुंबासारखी असते. सगळे भाग बरोबरीने झिजलेले असल्यामुळे एकमेकांना सांभाळून घेत त्यांचा संसार वर्षानुवर्षे चाललेला असतो; पण त्यांतल्या एकाच सुनेला नवी साडी घेतली, की बाकीच्यांना आपापल्या फाटक्या पदरांची आठवण होते. बेरिंगे नवी आणली, तेव्हा पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा खालचा सैलपणा डोळ्यांवर येऊ लागला. रॉड बदलायचे ठरले, तेव्हा पिस्टनने सिलिंडरमध्ये खुळखुळून दाखवले.

सिलिंडरचे प्रकरण जरा घरगुती आहे. या गाडीचा मूळ बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर असतो आणि झिजल्यावर तो पाव पाव मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा पिस्टन घालतात. "या इंजिनाला आजवर कोणाचा हात लागलेला नाही," हे वाक्य वडिलांकडून मी लहानपणापासून परवचा ऐकावा तसे ऐकत आलो होतो. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडल्यावर खाली "०.७५" असा आकडा उमटलेला निघाला, म्हणजे माझ्या अजाणतेपणी तीनदा बोर वाढवलेला होता. मी तो पिस्टन घेऊन वडिलांसमोर उभा राहिलो. त्यांनी वर्तमानपत्र न हलवता आकडा वाचला आणि म्हणाले, "तो सिलिंडरला लागला असेल. इंजिनाला नाही."

सुट्या भागांचे काय सांगावे? म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनवणारा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यामुळे आमची गाडी तेव्हापासून पोरकी आहे आणि पोरक्या लेकराला सगळेच काका भेटतात. मी कोल्हापुराहून पुण्याला नाना पेठेत गेलो, रविवार गाठून जुन्या बाजारातही फिरलो. तिथे माल तीन प्रतींचा मिळतो: "ओरिजिनल", "ओरिजिनलसारखा" आणि "ओरिजिनलच समजा". पहिल्याची किंमत ऐकून दुसऱ्याकडे वळावे लागते आणि घरी येऊन मोजल्यावर आपण तिसरा आणला आहे हे कळते. बोर आता चौथ्यांदा वाढवायचा होता, त्यासाठी ६६ मिलिमीटरचा पिस्टन दुसऱ्या खेपेला मिळाला. पिस्टनभोवतीच्या रिंगा मी तीन आणल्या, कारण बिडाची रिंग किती फाकवता येते हे समजायला एक मोडावीच लागते.

क्रँक मात्र मी कोल्हापुरातच, उद्यमनगरात दिली, आणि तिथले कौतुक केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. आमच्या गाडीची क्रँक एकसंध नसते. दोन जड चकत्या एका पिनवर प्रेसमध्ये दाबून जोडलेल्या असतात आणि रॉड बदलायचा तर त्या सोडवून पुन्हा जोडाव्या लागतात. जोडताना दोन्ही बाजू एका रेषेत आल्या नाहीत, तर क्रँक फिरताना नाचते आणि नवी बेरिंगे खाते. लेथवाल्या मामांनी ती दोन टोकांवर धरून फिरवली, डायल गेजचा काटा पाहिला, तांब्याच्या हातोड्याने एका चकतीच्या कडेला एक ठोका दिला, पुन्हा फिरवली आणि पुन्हा एक ठोका दिला. पाचव्या ठोक्याला काटा जवळजवळ स्थिर झाला. मामा तेवढ्या वेळात कोणाशी तरी गुळाच्या दरावर बोलत होते.

बेरिंगे बसवण्याचे काम मी घरी केले. ॲल्युमिनियम तापले की फुगते आणि पोलाद गार झाले की आकसते, म्हणून केस भट्टीत आणि बेरिंग बर्फात ठेवले की ठोकाठोकी न करता बेरिंग अलगद आत बसते. आमची भट्टी म्हणजे बायकोने नानकटाईसाठी घेतलेला ओव्हन, आणि बर्फ म्हणजे श्रीखंडाच्या डब्याशेजारची जागा. केस पुरेशी तापली का, हे मी तव्यावर पाणी शिंपडून पाहतात तसे पाहिले, थेंब चुरचुरला आणि बेरिंग खरोखरच बोटाने ढकलल्यासारखे आत गेले. तो माझ्या आयुष्यातला फार मोठा क्षण होता; परंतु त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्या नानकटाईला गिअर ऑइलचा वास येत होता आणि तो वेलदोड्याचा आहे असे मी पाहुण्यांना सांगत होतो.

राहता राहिले टायमिंग. पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याआधी साधारण तीन-साडेतीन मिलिमीटरवर ठिणगी पडायला हवी, म्हणजे नेमक्या त्याच वेळी वीज तोडून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट उघडायला हवेत. ते केव्हा उघडतात हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जुने लोक पॉइंटांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढतात. कागद सुटला की पॉइंट उघडले. मी सिगारेट ओढत नाही. नाक्यावरच्या पानवाल्याकडे जाऊन "सिगारेट नको, नुसता कागद द्या," असे म्हणाल्यावर त्याने माझ्याकडे फार वेळ पाहिले. त्याच संध्याकाळी माझ्या मावशीचा फोन आला. नोकरीत काही ताण आहे का, रात्री झोप लागते का, असे विचारून झाल्यावर तिने घरात मिळून-मिसळून राहण्याचा सल्ला दिला. मी टायमिंगबद्दल सांगू लागलो तेव्हा ती रडली.

गाडी चौदाव्या किकला चालू झाली. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. तोच दांडा आत दाबून मागे वळवला की किक होतो, पुढे आणला की गिअर. चौदा वेळा किक मारल्यावर आनंदाच्या भरात मी तो मागेच विसरलो आणि गिअर टाकायला गेलेला पाय हवेतच हिंडून आला. धूर मात्र नव्हता. एका लिटरला चाळीस मिलिलीटर तेल घातलेले असूनही सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांतून उदबत्तीएवढी निळसर रेघ तेवढी निघत होती. नवा पिस्टन रुळेपर्यंत गाडी जोरात पळवायची नसते, म्हणून महिनाभर मी रंकाळ्याला ताशी चाळीसच्या वेगाने प्रदक्षिणा घातल्या. फिरायला येणाऱ्या मंडळींनी पहिल्या आठवड्यात हात केला, दुसऱ्या आठवड्यात नवस कसला आहे म्हणून विचारले. इंजिन शांत झाल्यामुळे गिअरबॉक्समधला एक बारीक आवाज मला आता स्पष्ट ऐकू येतो, पण तो मी मिस्त्रींपासून लपवून ठेवला आहे.

परवा संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. आता तरी दोन शब्द चांगले ऐकायला मिळतील, म्हणून मी मुद्दाम इंजिन थोडा वेळ तसेच चालू ठेवले. काकूंनी सायलेन्सरकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि दंडावर फट्कन चापट मारून म्हणाल्या, "महिनाभर बघतेय, संध्याकाळी बाहेर बसायची सोय राहिली नाही हो डासांमुळे. तुमची गाडी आधी धूर करायची तेव्हा एकही फिरकत नव्हता. ते जुनं सील टाकून तर नाही ना दिलंत?"