खाणबंदी पाहिलेल्यांनी तरी

लिस्बनहून गोव्यात डिचोलीला फोन लावला की हल्ली एक वाद हमखास निघतो. बातम्या, व्हिडिओ, नकाशे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, मग वर्तमानपत्राचे पैसे कशाला भरायचे? भाचा म्हणतो, "मामा, फेसबुक, गूगल एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांना कसली भीती?"

मला मात्र भीती वाटते. हे सगळं फुकट चालतं ते जाहिरातींवर. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाच्या 100 रुपयांच्या कमाईत 97 च्या आसपास रुपये जाहिरातींचे असतात. गूगलच्या मूळ कंपनीचंही सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न तिथूनच येतं. 2021 मध्ये अॅपलने आयफोनवर विचारायला सुरुवात केली, की या अॅपने तुमचा माग काढलेला चालेल का? बऱ्याच जणांनी नको म्हटलं, आणि माग काढूनच तर मेटा नेमक्या जाहिराती दाखवते. पुढच्या फेब्रुवारीत मेटाने वर्षभरात सुमारे 10 अब्ज डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं आणि शेअर एका दिवसात 26 टक्के कोसळला. त्याला इतर कारणंही होती, पण दुसऱ्याच्या एका निर्णयाने एवढी मोठी कंपनी हलली.

डिचोली, सत्तरी, सांगेवाल्यांना हे नवं नाही. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा पुन्हा थांबल्या. खाणमालक सावरले असतील. हप्त्यावर ट्रक घेतलेला, बार्जवरचा खलाशी, रस्त्याकडेचा गॅरेजवाला मात्र भरडला गेला. आज त्यांच्या जागी गावचे व्हिडिओ करणारी मुलं, छोटी बातमी-पोर्टलं, घरचे काजू ऑनलाइन विकणाऱ्या बायका आहेत. कॅनडात कायद्याने बातमी देणाऱ्यांना बातम्यांचे पैसे द्यावे लागणार म्हणताच मेटाने 2023 मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या. पोर्टलवाल्यांना कुणी विचारलंही नाही.

इथे युरोपात त्याच वर्षी मेटाने जाहिराती नकोत तर महिन्याला 9.99 युरोपासून भरा, नाहीतर माग काढू द्या, असा पर्याय दिला. ही निवड खरी निवड नाही म्हणून युरोपीय आयोगाने 2025 मध्ये 20 कोटी युरोंचा दंड ठोठावला. माझ्या ओळखीतले बहुतेक अजूनही पैसे न भरता 'मान्य' दाबतात, तरी किंमत कोण मोजतं यावर इथे निदान भांडण होतं. आमच्याकडे तेवढंही ऐकू येत नाही.

आपली मराठी दैनिकंही जाहिरातींवरच चालतात, हा भाच्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण वाचकाचे चार पैसे त्यात असतात, आणि ते वाढायला हवेत. पालिकेत काय शिजतंय ते सांगणाऱ्या गावच्या पोराने महिना पन्नास रुपये मागितले, तर घासाघीस न करता द्या.