मंजूर ५७, हजर ४१, रात्री ठाण्यात २

आषाढीच्या आधीची गोष्ट. आठवडा रात्रीच्या लाइटचा होता. थोरला भाऊ दोन वाजता टोमॅटोला पाणी सोडायला विहिरीवर गेला, स्टार्टर दाबला, तर काहीच नाही. बॅटरी मारून बघितलं. साडेसात एचपीची मोटार जागेवर नव्हती. केबल कापून नेलेली, पाइपाचं तोंड मोकळं. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात रात्री एकट्याने रानात जायचं म्हणजे आधी बिबट्याची भीती. ती पोटात ठेवून माणूस जातो आणि समोर हे दिसतं.

तीनच्या सुमारास आम्ही दोघं पोलीस ठाण्यात पोचलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय त्यात दोष त्या ठाण्याचा नाही. आत ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार आणि सोबत पंचविशीतली एक महिला अंमलदार. एवढेच. हवालदारांनी बूट काढून टेबलाखाली ठेवले होते, पाय सुजलेले दिसत होते. आम्हाला बघून त्यांनी घाईने पाय बुटात घातले, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"दादा, बसा. गाडी हायवेला गेलीय. पिकअप उलटलीय, दोघं आत अडकलेत. फौजदारसाहेब पण तिकडंच आहेत."

भाऊ म्हणाला, "साहेब, दुसरी गाडी असंल की."

"आहे ना. मागं उभी आहे. चालक पालखीला गेलाय."

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर फळा होता. बसल्या बसल्या मी तो वाचला आणि मग वाचतच राहिलो. मंजूर ५७, हजर ४१. त्याखाली बारीक अक्षरांत त्या ४१ जणांचा हिशेब. पालखी बंदोबस्त १४. मुख्यालयात संलग्न ४. कोर्ट, समन्स, वॉरंट, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण) ५. प्रशिक्षण २. रजा आणि आजारी ३. साप्ताहिक सुट्टी २. बेरीज ३०. उरले ११. दिवसपाळीला ६, रात्रपाळीला ५. त्या पाचांतले तिघे हायवेवर. आणि हद्दीत छत्तीस गावं, वाड्या-वस्त्या वेगळ्या.

मी हवालदारांना विचारलं, तुम्ही कधीपासून आहात? म्हणाले, काल सकाळी नऊला आलोय.

पोलिसांबद्दल आपण बोलतो ते दोनच तऱ्हेने. एक तर "पोलीस काही करत नाहीत", नाहीतर "भरती करा". सरकारही भरतीचाच आकडा सांगतं. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. आमच्याच गावातली कितीतरी पोरं पहाटे चारला रस्त्यावर धावत होती. भरती हवीच, तिला विरोध नाही. पण भरती झालेला पोरगा छत्तीस गावांच्या हद्दीत रात्री तीन वाजता उभा असतो का, हे कोण बघतं?

हिशेब सरळ आहे. आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसाने रोज आठ तास, आठवड्यात सहा दिवस काम केलं तर ४८ तास भरतात. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर चार ते पाच. ठाणे अंमलदाराची खुर्ची ही एक. त्याचा मदतनीस दुसरी. गुन्ह्यांची नोंद ऑनलाइन करायचा सीसीटीएनएसचा संगणक, कोठडीचा पहारा, तातडीच्या मदतीची ११२ ची गाडी आणि तिचा चालक, रात्रगस्त. या सगळ्या जागा आठ तासांच्या पाळीने भरायच्या तर आमच्या ठाण्याची हजेरी यातच संपते. ठरावीक गावं ज्याच्याकडे असतात त्या बीट अंमलदाराने गावात कधी जायचं? तपास कधी करायचा? म्हणून मग आठ तासांचे बारा होतात आणि बाराचे अठरा.

आठ तासांची पाळी अशक्य आहे, असं मात्र नाही. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात ती करून दाखवली होती. कल्पना तिथल्याच एका शिपायाची, आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय राज्यभर आला. पण ५७ च्या जागी ४१ आणि ४१ च्या जागी ११ असतील, तर निर्णय कागदावर राहणार आणि हवालदार टेबलाखाली बूट काढणार.

आता हे ३० जण जातात कुठे, ते नीट बघा. पालखीला बंदोबस्त हवाच, त्याबद्दल माझं एक अक्षरही तक्रारीचं नाही. माऊलींची पालखी सासवड, जेजुरीवरून जाते, तुकोबांची यवत, बारामती, इंदापूरवरून. हा सगळा मार्ग पुणे ग्रामीण पोलिसांचा, आमचं ठाणंही त्यांचंच. तो संपतो न संपतो तोच लोणावळ्याला शनिवार-रविवारची पावसाळी गर्दी. मग श्रावणात भीमाशंकर. मग गणपती. सोमवतीला जेजुरी. अधूनमधून मंत्र्यांचे दौरे, मोर्चे, निवडणुका. आमच्या ठाण्यातून माणसं जातात, पण त्यांच्या जागी कुणी येत नाही. बंदोबस्ताचं वेळापत्रक वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. आषाढी कधी येणार हे पंचांगात छापलेलं असतं. मग त्या पंधरा दिवसांसाठी होमगार्ड किंवा राज्य राखीव दलाची माणसं मागच्या ठाण्यांना का देता येत नाहीत? चोराला पालखीचं वेळापत्रक कळतं. आमच्या शिवारात त्या एका आठवड्यात चार मोटारी गेल्या.

मुख्यालयात संलग्न असलेल्या चौघांबद्दल मी हवालदारांना विचारलं. ते काही बोलले नाहीत, स्टेशन डायरी ओढून लिहायला लागले. त्यांचं बरोबरच आहे, त्यांनी बोलू नये. पण मी नागरिक आहे, मी बोलणार. ज्याची नेमणूक गावच्या ठाण्यात आहे, ज्याचा पगार त्या ठाण्याच्या मंजूर पदावर निघतो, तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच कार्यालयात काम करत असेल तर ते पद भरलेलं म्हणायचं की रिकामं? कागदावर ते भरलेलं दिसतं, त्यामुळे त्या जागी दुसरा माणूसही मिळत नाही. रिक्त पद निदान उघड दिसतं, हे तेवढंही दिसत नाही.

त्या रात्री भावाला शेवटी "अर्ज देऊन ठेवा, सकाळी साहेब आले की बघू" असं सांगितलं गेलं. अर्ज दिला. गुन्हा दाखल झाला एकोणिसाव्या दिवशी, तोही मी चार हेलपाटे मारल्यावर. पंचनाम्याला तेच हवालदार आले. विहिरीच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी केबलीचं कापलेलं टोक निरखून बघितलं, म्हणाले, करवतीने नाही, कटरने कापलंय, हे सराईत आहेत. ज्याला इतकं कळतं तो माणूस त्या रात्री मोकळा असता तर नाक्यावर एखादी गाडी अडवता आली असती, हे मनातून जात नाही.

पण मला जे सर्वांत जास्त टोचतं ते पुढे आहे. वाढीव पदं किंवा नवं ठाणं मागायचं असेल तर प्रस्तावात लोकसंख्या, क्षेत्रफळ, गावं, अंतरं आणि दाखल गुन्ह्यांचे आकडे जोडावे लागतात. आता बघा काय होतं. माणसं कमी म्हणून तपास झेपत नाही. तपास झेपत नाही म्हणून गुन्हा दाखल करून घ्यायचा टाळला जातो, त्याऐवजी नुसता अर्ज घेतला जातो. अर्ज गुन्ह्याच्या आकड्यात येत नाही. आकडा कमी दिसतो म्हणून वर वाटतं, इथे सगळं शांत आहे, माणसं कशाला वाढवायची? त्या आठवड्यात गेलेल्या चार मोटारींपैकी गुन्हा दाखल झाला एकाच मोटारीचा. बाकीच्या तिघांनी "कशाला खेटे घालायचे" म्हणून सोडून दिलं. म्हणजे आपणच आपल्या हद्दीतले पोलीस कमी करतोय.

लोकसंख्येचंही तेच. जनगणना झाली २०११ साली. २०२१ ची झालीच नाही. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. तेव्हाचं चाकण आठवा आणि आजचं बघा. रांजणगाव, शिक्रापूर बघा. भाड्याच्या खोल्यांत राहणारा कामगार, हंगामाला आलेला ऊसतोड मजूर, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला येणाऱ्या गाड्या, यांतलं कोण कुठल्या आकड्यात आहे?

एकाच पुणे जिल्ह्यात आज पोलिसांची तीन घरं आहेत: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ग्रामीणची ठाणी तिकडे गेली. आयुक्तालयाचं कार्यालय थाटलं गेलं चिंचवडला महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर शहराकडे गेली. २०२४ मध्ये पुणे शहरात एका दमात सात नवी ठाणी झाली: आंबेगाव (शहरातलं, आमच्या पट्ट्यातलं नव्हे), नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. शहर वाढलंय, तिथल्या माणसांना ठाणं जवळ हवंच. वाघोलीच्या बाईने तक्रार द्यायला लांब का जावं? पण आमच्याकडे आदिवासी पाड्यावरची बाई ठाण्यात यायची तर दोन वाहनं बदलते. तक्रार तिच्यावरच्या अत्याचाराची असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असा कायदा आहे, आणि महिला अंमलदार त्या दिवशी बंदोबस्ताला असते. तिचं अंतर कुठल्या निकषात मोजतात?

अंतर मोजता येतं, हे सरकारला माहीत आहे. गडचिरोलीत मोजलंच ना? १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला जिल्हा, २०११ ची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. नुसत्या डोक्यांच्या हिशेबाने तिथे पोलीस द्यायचे म्हटलं असतं तर किती मिळाले असते? तिथे जंगल, अंतर आणि धोका बघून माणसं दिली. २०२३ मध्ये वांगेतुरीला २४ तासांत पोलीस मदत केंद्र उभं केलं. तिथली गरज फार मोठी होती, तिची आमच्याशी बरोबरी नाही. पण मोजायची रीत बदलता येते, एवढं त्यातून कळलं.

गाड्यांचं थोडक्यात सांगतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या येतात, पालकमंत्री झेंडा दाखवतात, फोटो येतात. गाडीबरोबर चालक येत नाही. चोवीस तास गाडी फिरवायची तर चार चालक हवेत. ११२ लावलं की फोन नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, तिथून गाडीतल्या यंत्रावर. यंत्रणा चांगली आहे, मी स्वतः अनुभवली आहे. पण यंत्र वाजतं ती गाडी आधीच तीस किलोमीटर दूर अपघातावर असेल तर काय?

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडतीचं चित्रीकरण सक्तीचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यायचं, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. या सुधारणा मला मनापासून पटतात. चित्रीकरण असेल तर खोटा पंच उभा करता येणार नाही. पण प्रत्येक सुधारणेला तास लागतात, आणि ते तास त्याच ११ माणसांच्या अंगातून काढायचे आहेत.

मला काय हवंय ते सांगतो. त्या रात्री जो फळा मी वाचला, तो आतल्या भिंतीवरून काढून ठाण्याच्या दारावर लावा. मंजूर किती, हजर किती, संलग्न किती आणि कुठे, बंदोबस्ताला किती. नावं नकोत, नुसते आकडे. महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांचे हे आकडे शेजारी शेजारी मांडून जाहीर करा. म्हणजे आमच्या आमदाराला दिसेल, पत्रकाराला दिसेल, अधीक्षक कार्यालयालाही कुणाला माणूस सोडायला सांगायचं हे ठरवायला बळ मिळेल. यात गुपित फुटण्यासारखं काही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयांनी आपले अधिकारी-कर्मचारी आपणहून जाहीर करावेत असं आधीच लिहिलंय. मी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून मागच्या दोन वर्षांची संलग्न माणसांची माहिती मागितली आहे.

आणि शेतकरी भावांनो, मोटार गेली, केबल गेली, डाळिंबं तोडून नेली, तर अर्जावर थांबू नका. गुन्हा दाखल करून घ्या, प्रत घ्या. प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. चोर सापडो न सापडो, तो आकडा तुमच्या ठाण्याच्या नावावर लागू द्या. जाल तेव्हा समोरच्या हवालदारावर ओरडू नका. तो काल सकाळी नऊपासून बसलेला असू शकतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. त्यात तीन मागण्या आहेत: दारावर फळा, संलग्न कर्मचारी परत, आणि पालखीच्या पंधरा दिवसांत बदली मनुष्यबळ. पोलीस पाटलांशी बोलणं झालंय, सरपंचांनी विषयपत्रिकेवर घेतो म्हणून सांगितलंय. शेजारच्या दोन गावांतूनही विचारणा झाली आहे. मसुदा तयार आहे, ज्यांना आपल्या गावासाठी हवा असेल त्यांनी गावाचं नाव लिहून मेसेज करा, आज रात्रीच पाठवतो.