खुलासा: हार्डनर वाढवून इपॉक्सी लवकर वाळत नाही

घरी प्लायवूडची होडी बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: तळावर फायबरचं कापड चढवताना इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवून लावायचं, वाळून कडक होणारं मिश्रण) चिकट राहिलं, तर पुढच्या हाताला हार्डनर थोडा जास्त घाला. हे चूक आहे.

गोंधळ पॉलिस्टर रेझिनमुळे होतो; फायबरच्या कामात वापरलं जाणारं हे दुसरं रेझिन. त्यात एमईकेपी (ते घट्ट व्हायला सुरुवात करून देणारं रसायन) साधारण १ ते २ टक्के पडतं, आणि त्या मर्यादेत ते कमीजास्त केलं की वेग बदलतो. इपॉक्सीचा हार्डनर मात्र रेझिनशी जोडी जुळवून स्वतःच त्या थराचा भाग होतो. जोडी न मिळालेला हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ राहतो. डब्यावर २:१ (दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर) म्हणजे २:१. ते मापाने की वजनाने, हेही वाचा. दोन्ही आकडे सारखे नसतात.

घाई असेल तर त्याच कंपनीचा फास्ट हार्डनर घ्या. उन्हाळ्यात उलट स्लो बरा. मगात साठून राहिलेलं मिश्रण तापून धुमसतं, म्हणून कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

शिवाय चिकटपणा म्हणजे दरवेळी कच्चं रेझिन नव्हे. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. ती पाण्याने, घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर. आधी घासलंत तर कागद भरतो आणि साय आत रगडली जाते. नख खरंच रुतत असेल, तर तो थर खरवडून काढायचा. वरून नवा हात मारून खालचा पिकत नाही.