पाइप हा व्हॉल्व्हचा आधार नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या न्हाणीघरातली जेमतेम दोन वर्षांची टाइल फोडावी लागली. शॉवरची मूठ फिरवली की बाहेरची चकतीही तिच्याबरोबर किंचित हलायची, पण मी ते मनावर घेतले नव्हते. हळूहळू चकतीभोवतीचे सिलिकॉन सुटले, फटीतून पाणी आत उतरू लागले आणि मागचा जिप्समचा बोर्ड बोटाने दाबला तरी खचेल इतका भिजला. टाइल निघाल्यावर आत जे दिसले ते पाहून राग येण्याआधी हसूच आले. भिंतीत दडलेल्या, गरम-गार पाणी सोडणाऱ्या शॉवरच्या व्हॉल्व्हच्या पितळी बॉडीला स्क्रूसाठी दिलेली भोके रिकामीच होती आणि ती बॉडी गरम-गार पाण्याच्या दोन पाइपांवर लोंबकळत होती.

काम करणाऱ्याचे म्हणणे असे की स्टडची, म्हणजे उभ्या खांबांच्या सांगाड्यावर बोर्ड ठोकून केलेली, भिंतच पातळ, तिथे व्हॉल्व्ह पक्का बसवायला जागा कुठे होती? हे मला अजिबात पटत नाही. विटांच्या भिंतीत झिरी खोदून व्हॉल्व्ह ठेवला आणि भोवती मसाला भरला, की भिंतच त्याला चहूबाजूंनी धरते. त्या कामाची सवय असलेला माणूस वेगळा आधार देण्याचा विचार करत नाही. स्टडची भिंत मात्र आतून पोकळ असते. तिथे व्हॉल्व्हला धरणारे काही हवे असेल तर ते आपणच घालावे लागते, आणि तेही बोर्ड चढवण्याआधी. बोर्ड आणि टाइल हे भिंतीचे कपडे आहेत, त्यांच्यावर वजन टांगायचे नसते. पाइपाचे काम पाणी वाहण्याचे. मूठ फिरवताना पडणारा पीळ रोज त्याच्या सांध्यांवर येऊ लागला, तर सांधा आज ना उद्या झिरपणारच.

पातळ भिंतीत खरी कसोटी व्हॉल्व्ह किती खोल बसवायचा, या हिशेबाची असते. प्रत्येक व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात, पूर्ण झालेल्या टाइलपासून बॉडीची पाठ किती आत असावी, याची किमान आणि कमाल मर्यादा दिलेली असते. समजा ती 70 ते 90 मि.मी. आहे. टाइल 8, तिच्या खालचा ॲडेसिव्ह 4 आणि बोर्ड 12, म्हणजे 24 मि.मी. तिथेच भरले. उरलेले किमान 46 मि.मी. पोकळीत जाणार. स्टड 63 मि.मी.चा असेल, तर बॉडीच्या पाठीमागे 17 मि.मी. उरतात, 12 मि.मी.चा प्लाय तिथे बसतो, 18चा बसत नाही. स्टड 50 मि.मी.चा असेल, तर 4 मि.मी. उरतात आणि पाठीमागे आधार द्यायला जागाच राहत नाही. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. तो न करता टाइल लागली, तर बॉडी बाहेर डोकावते आणि चकती भिंतीला टेकत नाही. व्हॉल्व्ह थोडा जास्त आत गेला, तर पुष्कळ मॉडेलांना लांबी वाढवणारा जोड मिळतो. बाहेर आलेल्या व्हॉल्व्हला मात्र आत ढकलण्याचा उपाय नाही.

आमच्याकडे दुसऱ्या खेपेला दोन स्टडच्या आतल्या बाजूंना उभ्या लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर पाण्याला टिकणारा 12 मि.मी.चा प्लाय हिशेबाने ठरलेल्या खोलीवर आडवा बसवला. बॉडी त्यावर पाणसळ लावून, सगळ्या भोकांतून स्क्रू मारून घट्ट केली. एवढ्यावर थांबून चालत नाही. येणारे दोन्ही पाइप आणि वर जाणारा पाइप व्हॉल्व्हच्या जवळच क्लॅम्पने धरले, आणि शॉवरचा दांडा जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथला एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी जोड, स्क्रूसाठी कान असलेला घेऊन वेगळ्या आडव्या ठोकळ्यावर स्क्रूने बसवला. हा एल्बो सगळेच विसरतात, आणि शॉवरचे तोंड वळवताना सर्वांत जास्त ओढ त्यालाच बसते.

जागा मिळावी म्हणून स्टडलाच खाच पाडण्याचा मोह मात्र टाळावा. कडेला पाडलेली खाच मधोमध पाडलेल्या भोकापेक्षा स्टडला कितीतरी अधिक कमकुवत करते. हिशेब जमतच नसेल, तर स्टडवर 25 मि.मी.च्या पट्ट्या मारून तेवढीच भिंत पुढे घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. अडीच सेंटिमीटर जागा गेली म्हणून नाक मुरडणारे त्याच भिंतीत साबणासाठी कोनाडा मागतात, ते सोडा. तेही नको असेल, तर भिंतीबाहेर बसणारा बार व्हॉल्व्ह घ्यावा. त्याचे दोन पाइप साधारणपणे 150 मि.मी. अंतरावर असतात आणि त्याला भिंतीत फारशी खोली लागत नाही.

बोर्ड चढवण्याआधी लाइन दाबाखाली ठेवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा आणि उघड्या भिंतीचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवावा. मूठ तात्पुरती लावून जोरात फिरवूनही पाहावी. बॉडी केसभर जरी हलली, तरी काम तिथेच थांबवावे. चकतीला सिलिकॉन लावताना वर आणि दोन्ही बाजूंना भरून तळाशी थोडी फट मोकळी सोडावी. आत कधी गळती झालीच, तर पाणी त्या फटीतून टाइलवर ओघळते आणि बोर्ड कुजण्याआधी आपल्याला दिसते. आमच्या पहिल्या चकतीला खालूनही सिलिकॉन भरलेले होते.