प्रश्न सुरू झाले की कॅमेरा बंद होतो

गेल्या महिन्यात एका विद्यापीठाच्या संगीत विभागात जाहीर व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्या अभ्यासू, मांडणी स्वच्छ. शेवटी मागच्या रांगेतून एम.ए.ची एक विद्यार्थिनी उठली. "मारवा राग ऐकताना मला मधेच धैवतच (ध) सा वाटायला लागतो. हा माझ्या कानाचा दोष, की रागाचाच स्वभाव?"

मी सावरून बसलो. मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तार निषादात (नी) लावतात. त्यात गायक षड्जावर, म्हणजे सा वर, थांबायचंही टाळतो. तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा सा सांगत राहतात आणि गळा त्यापासून लांब फिरतो. या एका प्रश्नावर तासभर बोलता आलं असतं, गाऊन दाखवता आलं असतं. पण वेळ संपली होती. "चहाच्या वेळी बोलू" असं सांगून तिला बसवलं, आभारप्रदर्शन झालं आणि वक्त्या गाडी गाठायला निघून गेल्या. रेकॉर्डिंग तर प्रश्न सुरू होण्याआधीच थांबवलं होतं.

मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण आपल्याकडे संगीतशास्त्र वाढलंय ते वादातून. १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे होते, घराण्यांचे उस्ताद होते. देवल आणि क्लेमेंट्स या अभ्यासकांनी केलेली श्रुतींची (स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची) मांडणी भातखंड्यांना मान्य नव्हती आणि हा वाद तिथे सगळ्यांसमोर झाला. मद्रासच्या म्युझिक अकादमीत आजही डिसेंबरच्या मोसमात सकाळी लेकडेम (गाऊन-वाजवून दाखवत दिलेली व्याख्यानं) होतात, मैफली नंतर. रागलक्षणांवर, म्हणजे राग कशाने ओळखायचा यावर, तिथे वर्षानुवर्षं विद्वान आणि गायक-वादक समोरासमोर बसून बोलत आले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक रानडे यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, बैठकीची लावणी हे सगळं अभ्यासाच्या कक्षेत आणलं, तेही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कार्यशाळेत बसलो होतो. वीसेक माणसं, सतरंजी, दोन तानपुरे. मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांचे स्वर तेच. सरांनी व्याख्या दिलीच नाही. तिन्ही रागांचे तुकडे ऐकवले आणि एकेकाला विचारलं, काय ऐकलंत? कुणी म्हणालं, पूरियात गंधार-निषादावर (ग-नी) घरी आल्यासारखं वाटतं. एक तबल्याचा विद्यार्थी म्हणाला, सोहनी सतत वरच्या षड्जाकडे ओढ घेते. एका निवृत्त काकांनी त्याला हरकत घेतली, मग सरांनी गाऊन दाखवलं, मग पुन्हा चर्चा. त्या दुपारी शिकलेलं मी विसरलेलो नाही. ग्रंथातली वादी-संवादीची (रागातल्या दोन मुख्य स्वरांची) जोडी मात्र मला दरवेळी उघडून बघावी लागते.

म्हणून विभागप्रमुखांना कळकळीची विनंती. व्याख्यान चाळीस मिनिटांचं ठेवा आणि उरलेला तास चर्चेला द्या. एक गाणारा आणि लावलेला तानपुरा शेवटपर्यंत मंचावर असू द्या. नुसते शोधनिबंध वाचले जाणार असतील तर त्याला चर्चासत्र म्हणा, कार्यशाळा नको. विद्यापीठाबाहेरच्या रसिकांना, कीर्तनकारांना, पेटीवाल्यांना बोलवा. त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं कान देऊन ऐकलेलं असतं. आणि कॅमेरा चालू ठेवा.

त्या मुलीचा नंबर मी घेतलाय. रविवारी संध्याकाळी चार-पाच जण माझ्या घरी मारवा ऐकायला बसतोय, तीही येतेय. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, तानपुरा आहे.