प्रतिक्रियेला उत्तर : मेट्रोप्लेक्स आणि 'एका बाजूला एकच गाणं'

नमस्कार,

मेट्रोप्लेक्स या डेट्रॉइटच्या टेक्नो संगीताच्या लेबलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "नाट्यसंगीताच्या एलपीवर एका बाजूला २२ मिनिटं मावतात. या डेट्रॉइटवाल्यांनी तेवढ्याच तबकडीवर एकेक गाणं छापलं, म्हणजे गिऱ्हाईक कापायचा धंदा. बाकी सगळं क्राफ्टवर्कचं (जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड) उचललेलं. जरा अभ्यास करून लिहीत जा."

मतभेद असू द्या. पण ते शेवटचं शेपूट कशाला? टर्नटेबल उघडून बसण्यात माझी उमेद गेली आहे, तेव्हा तबकडीत काय मावतं हे तरी मला शिकवू नका.

२२ मिनिटं मावतात, हे अगदी मान्य. गळा, ऑर्गन, तबला असेल तर सुखेनैव मावतात. पण ड्रम मशीनचा किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, ही वेगळी जात आहे. खालचा स्वर जोरात कापायचा तर खाच आडवी जास्त हलते, आणि शेजारच्या खाचेत घुसू नये म्हणून दोघींत अंतर सोडावं लागतं. अंतर वाढलं की मिनिटं घटली. मिनिटं हवीच असतील तर पातळी उतरवा. मग क्लबमध्ये डीजे गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवणार, आणि गाण्यासोबत खरखर आणि मोटरची घरघरही वाढणार. सुमारे १५० हर्ट्झखालचा बास मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे एकसारखा, ठेवतात तोही खाच जपण्यासाठीच : दोन्ही बाजूंचा बास उलट्या फेजमध्ये, म्हणजे एक वर तर दुसरा खाली असा, गेला तर खाच उभी हलते, कुठे खोल, कुठे इतकी उथळ की सुई उडते.

दुसरी अडचण आतल्या बाजूची. ३३⅓ च्या वेगाला काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते, मधल्या कागदाजवळ जेमतेम २१. तेवढ्याशा जागेत हाय-हॅट (ड्रमच्या झांजांचा आवाज) कोंबला की तो 'छ्स्स' असा फाटतो. म्हणून गाणं मध्यापासून लांबच संपवतात. तुम्हाला जी वाया गेलेली जागा दिसते ती ही.

पटत नसेल तर दोन्ही तबकड्या शेजारी ठेवा आणि टॉर्च तिरपा धरा. एलपी रेशमासारखी सलग दिसेल. एका गाण्याच्या बारा इंची तबकडीवर किकचे पट्टे उघड्या डोळ्यांनी मोजता येतील.

राहिला 'धंदा'. लॅकर (खाच कोरलेली मूळ तबकडी) कापणं आणि त्यावरून निकेलचा साचा काढणं हा एकरकमी खर्च. नंतरचा दाबाईचा दर गाणं एक असो की चार, तोच. लुटायचंच असतं तर चार गाणी कोंबून एलपीच्या भावात विकली नसती का? मेट्रोप्लेक्स काढणारा हुआन अ‍ॅटकिन्स स्वतः डीजे. १९८१ मध्ये सायबोट्रॉन या आपल्या जोडीचं 'अ‍ॅलीज ऑफ युअर माइंड' हे गाणं त्यानं आणि रिक डेव्हिसनं आपल्याच 'डीप स्पेस' लेबलखाली काढलं. १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स काढलं आणि पहिली तबकडी केली ती मॉडेल ५०० या आपल्या टोपणनावानं 'नो यूएफओज'. मालक, वादक आणि वाजवणारा एकच, त्यामुळे मिनिटं की दणका, हे ठरवायला वरून कुणी साहेब येणार नव्हता.

क्राफ्टवर्कचा प्रभाव त्यानं कधी लपवलेला नाही, तेव्हा त्यात तुम्ही काय उघडकीला आणलंत ते कळलं नाही. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही.

आणि तुमच्या एलपीचं शेवटचं पद चिरकत असेल तर कंपनीला शिव्या घालण्याआधी काट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) कोन तपासा.