मावशी, स्कोअरिंग कुठला?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. भाचा शिडीवर, मी खालून सुपाऱ्यांचे घोस देत होते. एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे तो. वरूनच विचारलं, "मावशी, पुढच्या सेमिस्टरला ऑप्शनल घ्यायचाय. गेम थिअरी की गोव्याची अर्थव्यवस्था? स्कोअरिंग कुठला?"

मी म्हटलं, गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करील ते धरून आपली चाल ठरवायचं शास्त्र. तेव्हापासून त्याची आई, म्हणजे माझी बहीण, माझ्यावर फुगून आहे: एवढं गणित पोराला झेपणार कसं? म्हणून जे तिला सांगायचंय ते इथेच लिहिते, इथे तरी वाचेल.

गोव्याची अर्थव्यवस्था हा पेपर मीही लिहिलाय, वीसेक वर्षांपूर्वी. खाण, पर्यटन, शेती, मासेमारी. प्रत्येकाचं महत्त्व, समस्या, उपाय. दहा मार्कांना सहा मुद्दे. मार्क चांगले पडले. मग बँकेत लागले, कर्जाच्या टेबलावर बसले. डिचोली-साखळीकडचे लोक खनिज वाहायच्या ट्रकसाठी कर्ज मागायला यायचे. कागद चोख, हप्ते वेळेवर. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही, आणि माहेरच्या वाड्यावर दारोदार ट्रक उभे राहिले. टायरांभोवती गवत वाढलं. खाणींचं महत्त्व मला पाठ होतं. पण त्याआधीची पाच वर्षं एवढ्या घाईने का खणलं, हे माझ्या सहा मुद्द्यांत कुठेच नव्हतं.

ते होतं मी कठीण म्हणून टाळलेल्या गणिती पेपरांत. अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंगने 1931 मध्ये मांडलेली गोष्ट आहे. जमिनीतलं खनिज म्हणजे ठेव. आज काढून विकलं तर पैशावर व्याज मिळतं, तसंच ठेवलं तर भाव वाढण्याची आशा. खर्च वजा जाता टनामागे उरणारी रक्कम व्याजदराइतकी वाढणार असेल तर मालकाला आज आणि उद्या सारखेच. कमी वाढणार असेल तर आजच खणलेलं बरं. आता यात गोवा घाला. 1987 च्या कायद्याने पोर्तुगीज काळातल्या खाण-सवलतींचं रूपांतर लीजमध्ये, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यांत केलं, आणि 2014 च्या निकालात कोर्ट म्हणालं की त्या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. उद्या खाण आपल्या हातात राहील की नाही याची ज्याला खात्री नाही, त्याला उद्याच्या मालाची काय किंमत? त्यात आपलं हलक्या प्रतीचं लोहखनिज चीन उचलत होता. लोभ होता, नाही कोण म्हणतं! पण लोभ काय 2007 ला जन्मला? जे आधीपासून तसंच आहे ते नव्या घाईचं कारण कसं होईल, हे विचारायची सवय इकॉनोमेट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांवरून कारणं तपासायच्या, वर्गात लागते. मला ती लागली नाही; मी तो पेपर रिपीटरच्या नोट्सवर काढला.

सासर माझं चोडणला. इकडच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत, मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर सोडणारी दारं. तिथली मासळी, सुंगटं (कोळंबी) धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात जातो आणि त्या पैशातून बांध राखायचा, अशी मूळ रीत. आता बघा. आत किती मासळी मिळणार याचा अंदाजच सगळे बांधतात. सगळ्यांत मोठी बोली बहुधा त्याचीच, ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला. पावणी जिंकली तिथेच तो अर्धा बुडाला. मग वसुलीसाठी दार नको तेवढा वेळ उघडं, खारं पाणी शेतात, बांधाला भगदाड. शेतकरी पावणीवाल्याला शिव्या देतात. गेम थिअरी शिकलेला पोरगा विचारील, पावणीच्या अटी कोणी लिहिल्या? शेत बुडालं तर घेणाऱ्याचं काय जातं? लिलावाच्या याच विद्येसाठी पॉल मिलग्रम आणि रॉबर्ट विल्सन यांना 2020 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी 2009 मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉमना मिळालं, ते गावं सामायिक कुरणं, पाट, मासेमारी कशी राखतात या अभ्यासासाठी. आपली गावकरी, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, दुसरं काय करत होती?

आणि गेम थिअरीच्या प्रश्नपत्रिकेत अजून तेच दोन कैदी, वेगवेगळ्या कोठड्यांत, कबुली द्यायची की गप्प बसायचं. अहो सर, कैदी कशाला? एकाच बांधाचे दोन शेतकरी घ्या ना. पावसाआधी बांधावर चिखल कोण घालणार, दोघेही दुसऱ्याची वाट बघतायत. गणित तेच राहील, फक्त पोराला ते घरी जाऊन आजोबांना सांगता येईल.

गणिताबद्दल मात्र बहिणीचं थोडं खरं आहे. पहिली दोन वर्षं मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा एकमेकींना छेद देत राहतात आणि वर गेल्यावर एकदम लॅग्रांज, म्हणजे मर्यादेत राहून जास्तीत जास्त काढायचं गणित, अंगावर येतो. बारावीला गणित सोडलेल्या मुलांनी करायचं काय? डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स पहिल्याच वर्षी शिकवा, हळूहळू, नापासाची भीती न घालता. ते न करता 'मुलांना झेपत नाही' म्हणून वरचे पेपर पातळ करत जायचं, हे मला पटत नाही.

काल भाच्याचा मेसेज आला. ऑप्शनलचं अवाक्षर नाही, चोडणची पावणी कधी असते एवढंच विचारलंय. यंदाची तारीख अजून ठरायची आहे. ठरली की कळवते, त्यालाही आणि त्याच्या सरांनाही.